आधी पाणी, मग तेल

बंदुकीचा इतिहास लिहिणारे पल्ला मोजतात, नेम मोजतात, लढाया मोजतात. मी कुडाळला रसायनशास्त्र शिकवण्यात हयात घालवली, त्यामुळे माझं लक्ष जातं ते बार उडाल्यावर नळीत काय उरतं, याकडे. जसजसं वाचत गेलो तसतसं माझं मत पक्कं होत गेलं. काळ्या दारूच्या काळात बंदूक जी जी बदलली, त्यातले बरेच बदल नळीत उरलेल्या काजळीने करवून घेतले. ती पुसणारा बोळा मात्र कुठल्या इतिहासात नावाला सापडत नाही.

काळ्या दारूत शंभर भागांपैकी साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतं. ती जळून काय होतं, याचं नीट मोजमाप अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी बंद पोलादी भांड्यात दारू पेटवून केलं आणि 1875 मध्ये प्रसिद्ध केलं. वजनाने वायू जेमतेम 43 टक्के निघाला. उरलेला 57 टक्के माल घन. गोळीला ढकलण्याचं काम वायूचं. घन पदार्थांतला काही भाग पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा नळीला चिकटून बसतो. लोक त्याला काजळी म्हणतात. प्रत्यक्षात त्यात कोळसा थोडा आणि पोटॅशियमचे क्षार फार. कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. हे क्षार कोरड्या हवेत खरपुडीसारखे कडक होतात आणि दमट हवेत पाणी ओढून घेतात. पहिल्या अवस्थेत पुढची गोळी आत जात नाही, दुसऱ्या अवस्थेत नळी गंजते. म्हणजे दोन्हीकडून मरण.

यावर जुन्या सैन्यांनी काढलेला तोडगा सरळ होता: गोळीच लहान करायची. इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीची नळी 0.75 इंचांची आणि गोळी साधारण 0.69 इंचाची. एवढी फट ठेवली की दहा-वीस बारांनंतरही गोळी खाली उतरायची. तिची किंमत नेमात चुकवावी लागे, कारण सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत निघते आणि शेवटचा धक्का जिकडे बसेल तिकडे जाते. म्हणून तर शिपायांना खांद्याला खांदा लावून रांगेत उभं करायचे. एकाचा नेम लागो न लागो, शंभरांतले काही तरी लागतील, हा हिशेब.

रायफलला ही फट परवडत नाही. नळीतल्या पेचदार खाचांनी गोळीला फिरवायचं, तर गोळी खाचांत घट्ट बसली पाहिजे. आणि घट्ट गोळी काजळीने माखलेल्या नळीत वरून ठासायची म्हणजे हातघाई. 1800 च्या सुमाराला इंग्रजी फौजेत बेकर रायफल आली, तेव्हा गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासत, आणि सुरुवातीला शिपायांना त्यासाठी चक्क लाकडी हातोड्या दिल्या होत्या. ती चिंधी गोळीला खाचांत पकडून ठेवी आणि जाता जाता नळीही पुसत जाई. गोळीबरोबर पुसणं, ही कल्पना इथे रुजलेली दिसते.

पुढे फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए याने 1849 मध्ये पोकळ बुडाची लांबट गोळी आणली. ती नळीपेक्षा किंचित बारीक असते, सहज आत उतरते आणि बार उडताना बूड फुगून खाचांत बसते. त्याच तत्त्वावरची 1853 ची एन्फील्ड रायफल इंग्रजांनी हिंदुस्थानात पाठवली. नळी 0.577 इंच, गोळी 0.568 इंच. ब्राउन बेसची 0.06 इंचाची फट आता 0.009 इंचावर आली होती. एवढ्या जागेत काजळी मऊ राहावी, म्हणून काडतुसाच्या कागदाला गोळीच्या बाजूने चरबी फासायची. आणि कागद दातांनी फाडायचा, अशी कवायत.

पुढचं शाळेतल्या पुस्तकात असतं, पण काजळीचा धागा तिथे गाळलेला असतो. ती चरबी गाईची किंवा डुकराची नाही, याची खातरी वरिष्ठांपैकी कोणी करून घेतली नव्हती. जानेवारी 1857 मध्ये दमदमच्या तळावर कुजबुज सुरू झाली. शिपायांनी स्वतःच्या पसंतीचं तेल, तूप, मेण लावावं, अशी मुभा त्याच महिन्यात मिळाली. कागद हाताने फाडावा, असा हुकूमही पाठोपाठ आला. तोवर संशय कागदाच्या तकाकीवर जाऊन बसला होता. 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे, 24 एप्रिलला मेरठला काडतुसं नाकारणारे 85 स्वार, आणि 10 मेला उठाव. उठावाची कारणं खोल आणि पुष्कळ होती, एका काडतुसावर सगळं ढकलण्यात अर्थ नाही. पण चरबी तिथे आलीच का, याचं उत्तर नळीत आहे. पुढे इंग्रजांनी एन्फील्डची गोळी 0.55 इंचावर आणली आणि वंगणात मेणावर भर दिला. हेच आधी सुचलं असतं तर, हा प्रश्न मी वर्गात मुद्दाम विचारत असे.

मागून भरायच्या बंदुका आल्या तरी काजळी गेली नाही, उलट वाढली. वरून ठासताना गज आणि गोळी मिळून मागच्या बाराचा मळ निदान खाली तरी ढकलत. मागून काडतूस सरकवलं की तेही बंद. 1871 च्या मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात म्हणून दारू आणि गोळी यांच्यामध्ये मेणाची चकती घातलेली असे. बार उडाला की मेण वितळून नळीला लागावं, ही योजना.

नेमबाजांना तेवढ्याने समाधान नव्हतं. 26 सप्टेंबर 1874 रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. अंतरं 800, 900 आणि 1000 यार्डांची. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स या मागून भरायच्या. एका आयरिश नेमबाजाने दुसऱ्याच्याच लक्ष्यावर गोळी मारली, अमेरिकेच्या जॉन बोडाइनने बाटली फुटून कापलेल्या हाताने शेवटचा बार टाकला आणि अमेरिका 934 विरुद्ध 931 गुणांनी जिंकली. मागून भरायची बंदूकही एवढ्या लांब अचूक मारते, हे सिद्ध झालं. पण त्या अचूकपणाला एक अट होती. प्रत्येक बाराला नळीची अवस्था सारखी हवी. म्हणून अमेरिकेत दोन बारांच्या मध्ये ओला बोळा फिरवण्याची रीत रुजली. तिकडच्या न्यू मेक्सिको राज्यात रॅटन इथे आजही काळ्या दारूच्या रायफलींची स्पर्धा होते. 200 मीटरवर लोखंडी कोंबडी, 300 वर डुक्कर, 385 वर टर्की आणि 500 वर मेंढा. तिथे कोणी नळीत फुंकर मारून ओल आणतो, कोणी ओली चिंधी फिरवतो, कोणी नमद्याचा बोळा.

नमदा म्हणजे विणकामाशिवाय, ओलावा आणि दाब देऊन गच्च केलेली लोकर. आपल्याकडचा बुरणूस त्याच जातीचा. चिंधीला धागे सुटतात आणि घडीमुळे ती एका बाजूला जाड होते. नमदा सगळीकडून सारखा दाबतो, खाचांत शिरतो आणि पाणी धरून ठेवतो. जर्मनीतल्या गिंगेन गावात 1858 मध्ये सुरू झालेला नमद्याचा कारखाना यासाठी आजही नावाजलेला आहे. मार्गारेटे श्टाइफने 1880 च्या सुमाराला शिवलेला कापडी हत्ती, ज्यातून पुढे टेडी अस्वलांचा कारखाना उभा राहिला, तोही याच गावच्या नमद्याचा. जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने मला बारा बोअरच्या मापाचे असे बोळे आणून दिले. ते बारीक बुचासारखे दिसतात, मधोमध भोक असतं आणि गजाच्या टोकावरच्या स्क्रूवर बसतात.

लोक ते एकदा वापरून फेकतात. माझ्या पिढीला ते जमत नाही, आणि गरजही नाही. फक्त लोकरीचं रसायन सांभाळावं लागतं. काजळीतलं सल्फाइड केसाचा शत्रू आहे. चामडं कमावणारे कातड्यावरचे केस उतरवायला सल्फाइडच वापरतात. तेव्हा मळका बोळा रात्रभर तसाच ठेवला तर तो आतून कुजतो. मी तो गजावरून काढला की लगेच कोमट पाण्यात टाकतो. पाणी क्षणात कोऱ्या चहासारखं होतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. दोनदा पाणी बदलून मग साध्या साबणाच्या फेसात तळहातांमध्ये दाबायचा. पिळायचा नाही, चोळायचा नाही, उकळतं पाणी तर अजिबात नाही. गरम पाण्यात चोळलेली लोकर आणखी आवळते आणि बोळा नळीत सैल पडतो. शेवटी स्वच्छ पाणी, मग फडक्यात दाबून सावलीत वाळवणं. नळीत ढकलताना हाताला अडल्यासारखं लागलं नाही, की त्या बोळ्याचं आयुष्य संपलं.

माझी बंदूक वडिलांकडून आलेली, ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. आमच्या सिंधुदुर्गात अशा बंदुका घरोघर नसल्या तरी गावोगाव आहेत. वानरांना पिटाळायला दोन बार काढायचे आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, एवढंच तिचं काम. वडील बार काढल्यावर नळीचं तोंड वर धरून कढत पाणी ओतत. खालच्या निपलमधून काळी धार लागे. धार पाण्यासारखी होईपर्यंत ओतणं चाले. तापलेली नळी आपोआप वाळे, आणि मग जुन्या धोतराच्या चिंधीने खोबरेल. त्यांनी नोबल आणि एबल वाचले नव्हते. क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही, हे त्यांना हाताने ठाऊक होतं.

हे ज्ञान आता विसरायला झालं आहे. फ्रान्सच्या पॉल व्हिएल याने 1884 मध्ये बिनधुराची दारू काढली, 1886 च्या लेबेल रायफलीने ती सैन्यात नेली, आणि बंदूक तेलाने साफ करायची सवय जगभर पसरली. त्या दारूला ते चालतं. काळ्या दारूच्या नळीत मात्र नुसतं तेल घातलं, की क्षारावर तेलाचं पांघरूण पडतं आणि खाली गंज सुखाने वाढतो. वाड्यांच्या भिंतींवर टांगलेल्या कितीतरी जुन्या बंदुका मी पाहिल्या आहेत. बाहेरून चकचकीत, आतून पोखरलेल्या.

तुमच्या घरी अशी एखादी बंदूक असेल, तर आधी ती भरलेली नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. ठासणीच्या बंदुकीत आजोबांनी भरलेला बार तसाच असू शकतो. ती रिकामी आहे अशी खातरी झाल्यावर पाणी, मग कोरडा बोळा आणि सगळ्यात शेवटी तेल. हा क्रम उलटा करू नका.