भंगारातली विमानं

दिवाळीत भाच्याला घेऊन नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर, आपल्या तोंडी नगरच) रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटन रणगाड्यापाशी स्वारी थबकली.

"मामा, दुसऱ्याचं पकडलेलं कुणी दुरुस्त करून वापरतं का रे?"

परतताना त्याला फिनलंडची गोष्ट सांगितली. १९३९ च्या हिवाळ्यात या चिमुकल्या देशावर सोव्हिएत रशिया चालून गेला. तिथे पडलेली, अडकलेली काही रशियन एसबी बॉम्बर विमानं फिन लोकांनी टांपेरेच्या कारखान्यात नीट केली, त्यांवर आपल्या खुणा रंगवल्या आणि पुढच्या युद्धात रशियन पाणबुड्यांच्याच मागावर धाडली!

"आणि आपण?"

आपली गोष्ट थोडी वेगळी. आपली विमानं पकडलेली नव्हती, टाकून दिलेली होती. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांकडची अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बर कानपूरला चकेरीच्या तळावर जमा झाली. करारच असा, की काम संपल्यावर ती परत करायची, नाहीतर मोडून टाकायची. मग ती मोडायचं ठरलं. कुठे बुलडोझर घातले, कुठे इंजिनात वाळू ओतली, असं सांगतात.

१९४८ साली काश्मीरची लढाई चालू होती. देश नवा, तिजोरी बेताची, आणि हवाई दलाकडे मोठं बॉम्बर एकही नाही. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचे लोक त्या भंगारात उतरले. याचं चाक, त्याचं इंजिन असं करत एकेक विमान जेमतेम उडण्याजोगं केलं. जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती बंगळूरला नेली आणि तिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी चाळीसेक विमानं उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर ५ नंबरची स्क्वाड्रन निघाली. १९५१ मध्ये आपल्या पुण्याच्या लोहगावला ६ नंबरची आली. समुद्रावर गस्त घालत ही विमानं १९६८ अखेरपर्यंत उडली. म्हणजे मोडीत काढल्यावर वीस वर्षं!

हे सांगताना मला सारखे अण्णा आठवत होते. गॅरेजमध्ये फिटर होते ते. 'मोडलंय' म्हटलं की विचारायचे, "कुठे मोडलंय ते सांग." आमच्या घरात नवी वस्तू क्वचित यायची. मला त्याची लाज वाटायची, आणि त्यांच्या काळ्या नखांचीही. ते गेल्यावर वाडा विकला, तेव्हा त्यांची पान्यांची पेटी मी भंगारवाल्याला किलोवर दिली. ताई, तुला हे आजवर सांगितलं नव्हतं.

या लिबरेटरांपैकी एक विमान भारताने १९७४ मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला भेट दिलं. ते तिथवर उडत गेलं. ज्यांनी टाकलं त्यांच्याच दारी, स्वतःच्या पंखांवर.

भाच्याने हे ऐकलं आणि घरी येऊन बंद पडलेला मिक्सर माळ्यावरून काढला. पान्यासाठी मात्र शेजारी जावं लागलं.