बॅटरीचं पाचवं वर्ष : चंद्रपूर-गडचिरोलीतल्या सौर विजेचा हिशेब

आज आपण एका घरगुती प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेनं जाणार आहोत. छतावरचं सौर पॅनेल आणि त्याला जोडलेली बॅटरी नेमकं काय वाचवतात? कारण चंद्रपूरच्या आणि भामरागडच्या माणसाला या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं मिळतात.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच दशकात चंद्रपूरजवळ दुर्गापूरला कोळशावरचं महाऔष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पुढे १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे अशी ७५२ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॉट. म्हणजे बघा, इथली वीज मुंबईच्या उंबरठ्याशी पोचली, पण त्याहून कितीतरी जवळच्या एटापल्ली-भामरागडच्या टोल्यांना वाट पाहावी लागली. तार मागणीच्या मागे जाते. जंगलातल्या वीस-तीस घरांसाठी खांब रोवायचे, वनजमिनीची परवानगी काढायची, आणि पावसाळ्यात एक झाड पडलं की लाइन बंद. त्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटायचा, मग लाइनमन पोचणार कसा?

या टोल्यांत दिव्याचा खर्च मात्र कधीच शून्य नव्हता. आधी मोहाच्या बियांचं तेल, मग रॉकेलची चिमणी, आणि टॉर्चचे सेल. सौर दिवा आला तो याच खर्चाच्या जागी. २०१७ च्या सौभाग्य योजनेत तार न पोचणाऱ्या दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचा सौर संच ठरवला होता. त्यात बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, चार्जिंगसाठी एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल होती.

'पाच वर्षं' हे शब्द लक्षात ठेवा. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. शिसे-आम्लाची बॅटरी साधारण चार-सहा वर्षांत थकते. डिस्टिल्ड वॉटर घातलं नाही किंवा रोज पूर्ण रिकामी केली, तर त्याआधीच. योजनेचा कालावधी आणि बॅटरीचं आयुष्य जवळपास एकाच वेळी संपतं. त्यानंतर छतावर पॅनेल चकाकतं आणि घरात अंधार असतो. पहिला खर्च सरकारनं केला, दुसऱ्या बॅटरीचा खर्च कोणाचा, हे कोणी बोललंच नव्हतं.

आता चंद्रपूर शहरात येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान मिळतं, कमाल ७८,०००. समजायला सोपे आकडे घेऊ. दोन किलोवॉटचा संच १,३०,००० रुपयांना पडला. ६०,००० अनुदान वजा जाता ७०,००० उरले. एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर महिन्याला २४० युनिट. त्यातून बिलात १,५०० रुपये वाचले, तर वर्षाला १८,०००. म्हणजे सुमारे चार वर्षांत पैसे वसूल.

पण हा संच बॅटरीविना आहे, बरं का. नेट मीटरिंगमध्ये महावितरणचं जाळंच आपली बॅटरी असतं. लाइन गेली की सुरक्षिततेसाठी हा इन्व्हर्टरही थांबतो. भर दुपारी, डोक्यावर ऊन असतानासुद्धा! दुरुस्तीला गेलेल्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती सोय असते.

म्हणून बॅटरी घ्यायची ठरवली. ती ३६,००० रुपयांची आणि पाच वर्षं टिकणारी धरू. म्हणजे महिन्याला ६०० रुपये भाडंच समजा. मग १,५०० तले ९०० उरतात आणि वसुली चारऐवजी साडेसहा वर्षांवर जाते. बॅटरीला चालणाऱ्या इन्व्हर्टरचा वाढीव खर्च वेगळाच. लिथियम बॅटरी महाग पण जास्त टिकाऊ. २०१० नंतर तिच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत, तेव्हा हा हिशेब बदलत राहील.

म्हणजे जिथे लाइन क्वचित जाते, तिथे बॅटरीशिवायचा संच फायद्याचा. जिथे वादळात दोन-दोन दिवस वीज नसते, तिथे ते ६०० रुपये मुलांच्या अभ्यासाचे, मोबाइलचे आणि रात्री साप दिसावा एवढ्या उजेडाचे आहेत. बिलाच्या कागदावर ते कधीच दिसणार नाहीत.

आणि जिथे तारच नाही, तिथे दर महिन्याला ६०० काढणं जड जातं, कारण रोख पैसा उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात एकदम येतो. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूची विक्री स्वतः करतात. त्या पैशातून घरामागे थोडी रक्कम बॅटरीसाठी बाजूला ठेवता येईल का? आपल्याला वाटतं, संच बसवायच्या दिवशीच हा प्रश्न विचारायला हवा. पाचव्या वर्षी विचारला तर उशीर झालेला असतो.