काजळी, दगडफूल आणि एक पतंग

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, नाणी डोळ्यांसमोर येतात. आजचे साधन निराळे आहे: टाचणीला टोचून काचेच्या पेटीत ठेवलेले पतंग. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीची नोंद त्यांच्या पंखांवर उमटली आहे. ती नोंद नीट वाचण्यात दीड शतक गेले आणि एका संशोधकाची प्रतिष्ठाही पणाला लागली. #थ्रेड

२/ या निशाचर पतंगाचे नाव पेपर्ड मॉथ. पांढुरक्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके. दिवसा तो झाडावर निश्चल बसून राहतो. आपल्या मसाल्यात पडते त्या दगडफुलाचे भाऊबंद ज्या खोडांवर आणि फांद्यांवर पसरलेले असतात, तेथे तो असा काही मिसळून जातो की शोधूनही सापडू नये.

३/ १८४८ साली मँचेस्टर येथे या जातीचा एक संपूर्ण काळा पतंग सापडला. आर. एस. एडल्स्टन या हौशी संग्राहकाने १८६४ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. तोवर असे काळे पतंग तेथे सर्रास दिसू लागले होते. १८९५ च्या सुमारास मँचेस्टर परिसरातील ९८ टक्के पतंग काळे झाले होते!

४/ त्या पन्नास वर्षांत काय घडले? गिरण्यांच्या धुराड्यांतून दगडी कोळशाचा धूर अहोरात्र बाहेर पडत होता. त्यातील गंधकाच्या वायूने दगडफूल मेले आणि उघड्या पडलेल्या सालीवर काजळी बसली. पतंगाने हललेही नाही. त्याच्याखालची पार्श्वभूमीच बदलली.

५/ १८९६ मध्ये जे. डब्ल्यू. टट यांनी याचे कारण सुचवले. काळवंडलेल्या झाडावर फिकट पतंग पक्ष्यांना चटकन दिसतो आणि खाल्ला जातो. काळा वाचतो आणि त्याची संतती वाढते. ही डार्विनची नैसर्गिक निवडच होती. पण पक्ष्यांना असे पतंग टिपताना पाहिले कोणी? पक्षितज्ज्ञांनाही ही कल्पना पटत नव्हती.

६/ १९२४ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी हा प्रश्न गणिताने मांडला. वर्षाला एक पिढी धरली, तर पन्नास वर्षांत एवढा बदल होण्यासाठी काळ्या पतंगांची संतती फिकट पतंगांच्या दीडपट तरी टिकली पाहिजे. निवडीचा रेटा इतका प्रबळ असू शकतो, यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता.

७/ (जाता जाता: हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.)

८/ गणित झाले; पुरावा हवा होता. तो मिळवण्यासाठी ऑक्सफर्डचे बर्नार्ड केटलवेल १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या वनात उतरले. मूळचे ते डॉक्टर. पंखांखाली रंगाचा ठिपका देऊन त्यांनी पतंग सोडले आणि रात्री सापळे लावून पुन्हा पकडले. ४४७ काळ्यांपैकी २७.५ टक्के परत मिळाले. १३७ फिकट्यांपैकी १३.१ टक्के.

९/ १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ वनात तोच प्रयोग केला, तेव्हा पारडे फिरले. फिकट १२.५ टक्के, काळे ६.३ टक्के. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी पतंग टिपणाऱ्या पक्ष्यांचे चित्रीकरणही केले. लवकरच ही कथा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

१०/ त्याच सुमारास परिसर पुन्हा बदलू लागला. डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्याने लंडनमध्ये हजारो माणसे दगावली आणि १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा आला. लिव्हरपूलजवळच्या कॅल्डी येथे सिरिल क्लार्क यांनी १९५९ पासून दरवर्षी पतंग मोजले. प्रारंभी ९० टक्क्यांहून अधिक काळे. १९९५ पर्यंत २० टक्क्यांहूनही कमी.

११/ अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतील मिशिगनमध्ये, याच जातीच्या पतंगांत जवळजवळ याच काळात अशीच घसरण दिसली. दोन खंडांत हवा निवळली आणि दोन्हीकडे काळे पतंग ओसरले. हा योगायोग मानणे कठीण होते.

१२/ पण मूळ प्रयोगाला तडे होते. केटलवेल यांनी पतंग दिवसा सोडले, तेही सहसा खोडांवर आणि नैसर्गिक प्रमाणापेक्षा दाटीने. पाठ्यपुस्तकांतील काही प्रसिद्ध छायाचित्रे तर मृत पतंग खोडावर लावून घेतलेली. १९९८ मध्ये मायकेल माजेरस यांनी आपल्या पुस्तकात या त्रुटींची चर्चा केली. जेरी कॉइन यांनी त्या पुस्तकाचे परीक्षण करताना, हे उदाहरण तूर्त बाजूला ठेवावे, असे सुचवले.

१३/ २००२ मध्ये जुडिथ हूपर यांच्या पुस्तकाने केटलवेल यांच्या प्रामाणिकपणाविषयीच संशय उभा केला. उत्क्रांतीच्या विरोधकांना आयते कोलीत मिळाले. केटलवेल १९७९ मध्येच वारले होते. उत्तर देणार कोण?

१४/ उत्तर माजेरस यांनी दिले, तेही वाद घालून नव्हे तर प्रयोग नव्याने करून. केंब्रिजजवळच्या आपल्या बागेत सहा वर्षांत त्यांनी ४,८६४ पतंग सोडले. पतंग रात्री सोडायचे, बसण्याची जागा त्यांची त्यांना निवडू द्यायची आणि सकाळी कोण उरले ते पाहायचे. पक्षी पतंग खाताना ते दुर्बिणीतून टिपत. अशा नऊ जातींचे पक्षी त्यांना आढळले.

१५/ त्या स्वच्छ परिसरात काळ्या पतंगांचे दैनंदिन जगणे फिकट्यांच्या तुलनेत सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरले. पतंग खोडांवर बसतच नाहीत, हा आक्षेपही टिकला नाही: सापडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक खोडांवरच होते. २००९ मध्ये माजेरस यांचे निधन झाले. निष्कर्ष त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले आणि कॉइन यांनीही ते मान्य केले.

१६/ २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी काळ्या रंगाचे मूळ शोधले: 'कॉर्टेक्स' नावाच्या जनुकात शिरलेला, डीएनएचा सुमारे २२ हजार अक्षरांचा तुकडा. त्यांच्या गणितानुसार ही घटना १८१९ च्या आसपासची. म्हणजे एडल्स्टन यांच्या नोंदीच्या सुमारे तीस वर्षे आधीची.

१७/ या कथेचे दोन अर्धवट धडे नेहमी सांगितले जातात. एक, केटलवेल यांचा प्रयोग निर्दोष होता. दुसरा, ते सारे थोतांड होते. दोन्ही चुकीचे. पद्धतीवरचे आक्षेप योग्य होते आणि निष्कर्षही बरोबर होता. ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे दाखवण्यासाठी कोणाला तरी सहा वर्षे पहाटे उठून पतंग मोजावे लागले.

१८/ आणि हे शक्य झाले ते तारीख-ठिकाणाची नोंद न विसरणाऱ्या संग्राहकांमुळे. पतंग पेटीत ठेवणाऱ्या एडल्स्टन यांना त्याचा पुढे काय उपयोग होईल, हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्या गावातल्या दिव्याखाली आज रात्री जे पतंग येतील, त्यांची तारखेनिशी नोंद कोणी ठेवत आहे का?