शाश्वत डांबरी रस्तेबांधणी

शाश्वत डांबरी रस्तेबांधणी ही रस्त्याच्या संपूर्ण आयुष्यात दगड, माती, डांबर व इंधन यांचा वापर कमीत कमी ठेवणारी आणि परिसरातील जमीन व जलस्रोत यांची हानी टाळणारी बांधकामपद्धती आहे. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भातील काळ्या मातीच्या प्रदेशात, तिला महत्त्व आहे. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव, नाले व नद्यांची पात्रे खोल करून माती घेण्यात आली. ही रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखली जाते.

संज्ञा व घटक

मराठीत ‘डांबर’ हा शब्द दोन भिन्न पदार्थांसाठी वापरला जातो : दगडी कोळशापासून मिळणारे डांबर आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर उरणारे बिटुमेन. आजच्या रस्त्यांसाठी बिटुमेन वापरतात. खडी, बारीक कच व बिटुमेन यांच्या तापवलेल्या मिश्रणास अ‍ॅस्फाल्ट म्हणतात.

या मिश्रणात डांबराचे प्रमाण अल्प असते. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किमी लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. या कामात ३६,६३४ टन मिश्रण लागले. त्यात डांबर २,०७० टन, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के होते. उरलेला जवळजवळ सर्व भाग दगडाचा असतो. त्यामुळे डांबराच्या बचतीइतकाच दगडखाणींवरील भार हाही शाश्वततेचा प्रश्न ठरतो.

काळी माती व पाणी

बुलढाणा जिल्हा दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशात मोडतो. हा खडक रस्त्याला उत्तम खडी पुरवतो. परंतु त्याच्याच झिजेतून बनलेली काळी माती रस्त्याच्या पायाला प्रतिकूल असते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावांच्या शिवारात उन्हाळ्यात जमिनीला ज्या भेगा पडतात, त्या याच गुणधर्मामुळे. अशा जमिनीवर पुरेशा तयारीविना डांबरीकरण केल्यास पावसाळ्यात पाया मऊ होतो, पृष्ठभाग खचतो, भेगांतून पाणी आत उतरते आणि खड्डे पडतात. वरून डांबराचा नवा थर दिला तरी मूळ दोष कायम राहतो.

यावर मातीत चुना मिसळून तिची फुगण्याची प्रवृत्ती कमी करणे, काळ्या मातीऐवजी मुरमाचा थर देणे, रस्त्याच्या मध्यभागी उंचवटा ठेवून दोन्ही बाजूंना उतार देणे आणि मोऱ्या व कडेची गटारे मोकळी राखणे हे मुख्य उपाय आहेत. भारतात डांबरी रस्त्यांच्या थरांचे संकल्पन ‘आयआरसी : ३७’ या भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार करतात.

बुलढाणा पॅटर्न

महामार्गाच्या भरावासाठी माती व मुरूम मोठ्या प्रमाणावर लागतात. ते शेतजमिनीतून किंवा टेकड्या पोखरून घेतल्यास भूमीची कायमची हानी होते. बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांच्या कामांसाठी ही सामग्री तलाव, नाले व नद्यांच्या पात्रांतून घेण्यात आली. रस्त्याला भराव मिळाला आणि त्याच खोदाईतून जलसाठाही वाढला. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तेथील साठवणक्षमता २२५ सहस्र घनमीटरवरून सुमारे ५,५०० सहस्र घनमीटर झाली आणि त्यासाठी शासनाला वेगळा खर्च आला नाही. तत्कालीन मंत्री नितीन गडकरी यांनी या धर्तीवर राष्ट्रीय धोरण आखण्याची सूचना नीती आयोगास केली.

तलावातून निघणारी सर्व माती भरावास योग्य नसते. वरचा बारीक गाळ शेतीस उपयुक्त असतो, तर खालचा मुरूम रस्त्याला चालतो. म्हणून खोदाईपूर्वी मातीची तपासणी व वर्गवारी आवश्यक असते. बंधारा किंवा काठ यांना लागून अतिखोल खोदाई केल्यास त्यांच्या स्थैर्याला धोका पोहोचतो.

पुनर्वापर व पर्यायी साहित्य

जुना थर : खराब झालेला थर यंत्राने खरवडून त्यातील खडी व डांबर नव्या मिश्रणात पुन्हा वापरता येतात. यासाठी ‘आयआरसी : १२०’ ही मार्गदर्शिका २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. या पद्धतीने नवी खडी वाचते, तसेच रस्त्याची उंची वाढत नाही. थरावर थर देत गेल्यास रस्ता कडेच्या घरांपेक्षा उंच होतो व पावसाचे पाणी घरांत शिरते.

प्लास्टिक कचरा : मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लास्टिकच्या तुकड्यांचा लेप देऊन मग डांबर मिसळण्याची पद्धत विकसित केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री देण्यात आली. ‘आयआरसी : एसपी : ९८’ या २०१३ च्या मार्गदर्शिकेत या वापराचे नियम आहेत. पीव्हीसी तापल्यावर विषारी वायू सोडत असल्याने ते वापरण्यास मनाई आहे.

राख : औष्णिक वीजकेंद्रांतील राख भरावात वापरता येते. अकोला जिल्ह्यातील पारस येथील वीजकेंद्र बुलढाण्यास जवळचे आहे. अंतर वाढल्यास मात्र वाहतुकीच्या इंधनामुळे या वापराचा लाभ घटतो.

जैवडांबर : पिकांच्या अवशेषांतील लिग्निनपासून बनवलेले जैवडांबर नेहमीच्या डांबरात मिसळून नागपूर जिल्ह्यातील मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या एका पट्ट्यावर वापरण्यात आले. या पट्ट्याचे उद्घाटन २१ डिसेंबर २०२४ रोजी झाले. केंद्रीय रस्ते संशोधन संस्था व पुण्याची प्राज इंडस्ट्रीज यांचा त्यात सहभाग होता.

कमी तापमानाचे मिश्रण : नेहमीचे मिश्रण साधारण १५० ते १६० अंश सेल्सियसला तयार होते. विशिष्ट द्रव्ये मिसळल्यास ते याहून कमी तापमानाला तयार करता येते. त्यामुळे इंधन वाचते व कामगारांना होणारा धुराचा त्रास कमी होतो.

मूल्यमापन व मर्यादा

रस्त्याची शाश्वतता त्याच्या टिकाऊपणावरही मोजावी लागते. प्रत्येक पुनर्बांधणीत खडी, डांबर व इंधन नव्याने खर्च होत असल्याने, अल्पकाळात उखडणारा रस्ता पर्यायी साहित्याचा असला तरी शाश्वत ठरत नाही. अतिभारित वाहने हे रस्ते लवकर खराब होण्याचे एक प्रमुख कारण आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांवरून, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे अनुमान काढण्यात आले. त्यानुसार भार दहा टक्क्यांनी वाढल्यास झीज सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते. जैवडांबरासारख्या नव्या साहित्याचे मूल्यमापनही अनेक पावसाळे व उन्हाळे यांतील निरीक्षणांवर अवलंबून असते. ग्रामीण रस्त्यांबाबत पावसाळ्यापूर्वी गटारे व मोऱ्यांची सफाई, भेगा वेळीच बुजवणे आणि साइडपट्ट्यांची दुरुस्ती ही नियमित कामे पुनर्बांधणीपेक्षा स्वस्त व परिणामकारक ठरतात.