आंबील

आंबील : ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ ताकात वा पाण्यात आंबवून, मग शिजवून केलेले पातळ, आंबटसर पेय. सातारा-सांगलीकडच्या माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत ती बहुधा ज्वारीची. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरी भागात नाचणीची. काही घरांत पीठ न आंबवता नुसते शिजवून वरून ताक घालतात. तिलाही आंबील म्हणतात, पण आंबवलेलीची चव तिला येत नाही.

पंगतीची आंबील. घरी वाटीभर पिठाला दोन वाट्या ताक पुरते. यात्रेसाठी 50 लिटर करायची, तर तेवढे आंबवायला भांडे नसते. यावरचा उपाय सोपा आहे : आंबवण घट्ट ठेवायचे. 5 किलो पीठ 10 लिटर ताकात कालवले, तर फुगायला जागा ठेवूनही 20 लिटरचे भांडे पुरते. उरलेले पाणी हंड्यात आधण म्हणून येते. घरी बिअर करणारे परदेशी हौशी लोक लहान पातेल्यात अर्क घट्ट उकळून नंतर पाणी मिसळतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

उन्हाळ्यात एका रात्रीत पीठ फसफसते. थंडीत भांड्याला गोणपाट गुंडाळून चुलीजवळ ठेवावे लागते. सकाळी पीठ गार पाण्यात सैल करून उकळत्या आधणात बारीक धारेने सोडतात आणि एकाने सतत घोटत राहायचे. सुमारे 70 अंश सेल्सियसच्या पुढे स्टार्च फुगून आंबील एकदम दाटते. त्या घटकेला हात थांबला, तर गुठळ्या होतात, तळ लागतो आणि करपट वास साऱ्या हंड्यात उतरतो. मीठ, जिरे, ठेचलेला लसूण शेवटी.

भांडी. मातीचा डेरा उत्तम. कल्हई गेलेल्या पितळेत आंबील कळकते. ती पिऊ नये.

मद्याशी संबंध. बिअरसाठी सातू मोड आणून वाळवतात. मोडातली विकरे स्टार्चची साखर करतात आणि यीस्ट तिचे मद्य करते. आंबिलीत पीठ बिनमोडाचे असते, काम मुख्यतः लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचे. त्यामुळे ती आंबट होते, मादक नाही. महाराष्ट्रात घरी बिअर गाळणे 1949च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय गुन्हा आहे. आंबिलीला अशी आडकाठी नाही.

यात्रा. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या रेणुकेच्या, म्हणजे यल्लमाच्या, मार्गशीर्षातील यात्रेनंतर कोल्हापुरात तिची आंबील यात्रा भरते. जतच्या यल्लमा देवीची यात्राही मार्गशीर्षातच.

अन्यत्र. कर्नाटकात अंबली, तमिळनाडूत कूळ, दक्षिण आफ्रिकेत मक्याचे महेवू.

विरजण. शिजवण्यापूर्वी वाटीभर आंबवण बाजूला काढावे. पुढच्या खेपेला तेच पिठात घालतात.