सीट कुणाच्या मापाची?

१८९०च्या दशकात अमेरिकेतल्या बायका सायकल चालवू लागल्या, तेव्हा काही डॉक्टरांना त्यांच्या प्रकृतीइतकीच शीलाचीही काळजी पडली. सीटचं टोक उचललेलं असेल तर बाईला नको ते सुख मिळेल, ही शंका ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन यांनी १८९५ साली मांडली. (गंमत म्हणजे, बायकांनी सायकल चालवावी याच मताचे ते होते.)

‘ख्रिस्टी’ सीटच्या जाहिरातींत मात्र चक्क कमरेच्या हाडांचं चित्र असे. धातूच्या सांगाड्यावर दोन गाद्या, मधे मोकळी जागा. भार बैठकीच्या हाडांवर, नाजूक भागावर नाही. बायकांची ही हाडं सरासरीने पुरुषांपेक्षा दूर असतात. ती पोकळी जॉर्जेना टेरी यांनी बायकांच्या सीटमध्ये पुन्हा आणली, ती १९९०च्या दशकात.