जुन्या कंपायलरला निरोप कधी द्यायचा?

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचा कर्नल आहे. तो मुख्यतः सी भाषेत लिहिलेला. ते लिखाण यंत्राला कळेल असं करून देतो कंपायलर, आणि लिनक्सचा जुना सोबती म्हणजे जीसीसी.

२००२ साली आलेला जीसीसी ३.२ कर्नलला चालतो, असं कागदोपत्री थेट २०१८पर्यंत लिहिलेलं होतं. सोळा वर्षं! (त्यानं खरंच कुणी कर्नल बांधत होतं का, मला शंकाच आहे.) मग किमान आवृत्ती ४.६ झाली, २०२०मध्ये ४.९. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ सोबत ४.८ यायचा, त्यावर नवा कर्नल बांधायचा तर कंपायलर वेगळा आणणं आलं. तक्रार रास्तच.

पण जानेवारी २०२१मध्ये वेगळंच उघड झालं. रसेल किंग यांच्या ६४-बिट आर्म यंत्रावर अधूनमधून फाइल सिस्टीमचे चेकसम चुकत होते. कर्नलच्या कोडमध्ये खोट नव्हती. जीसीसी ४.९ स्टॅकची जागा आधी सोडून द्यायचा आणि त्यानंतर तिथली माहिती वाचायचा. नेमका त्या क्षणी इंटरप्ट आला की माहिती खराब. एरवी सगळं ठीक, म्हणून तर ते सापडणं कठीण.

आर्मसाठी मर्यादा लगेच ५.१ झाली, काही महिन्यांत सगळ्यांसाठीच. त्यामुळेच २०२२मध्ये कर्नल १९८९च्या सी भाषेतून २०११च्या सीमध्ये येऊ शकला. २०२५मध्ये ही मर्यादा ८.१वर गेली.